स्टोअर्ड प्रोसिजरमधून वेब एपीआयला विनंती

डेटाबेसमध्ये साठवून ठेवलेल्या आज्ञावलीतून, म्हणजेच स्टोअर्ड प्रोसिजरमधून, आंतरजालावरील एखाद्या सेवेला थेट विनंती पाठवणे आणि आलेले उत्तर त्याच डेटाबेसच्या तक्त्यांत नोंदवणे, हे माहिती तंत्रज्ञानातील एक तंत्र आहे. अशी सेवा बहुधा क्लाउडवर असते आणि विनंती करणाऱ्याची ओळख पटल्याखेरीज ती उत्तर देत नाही. त्यामुळे या तंत्रात तीन गोष्टी एकत्र येतात : डेटाबेसमधील आज्ञावली, जाळ्यावरून होणारी देवाणघेवाण आणि ओळखपडताळणी.

हवामान, उपग्रहचित्रे, बाजारभाव, भ्रमणध्वनीवरील संदेश, देयके अशा अनेक सेवा आता वेब एपीआयच्या रूपात मिळतात. संस्थेची स्वतःची माहिती मात्र तिच्या डेटाबेसमध्ये असते. या दोहोंची सांगड घालण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणून हे तंत्र वापरले जाते. पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर या ऊसउत्पादक तालुक्यांत क्लाउडवरील शेतीविषयक सेवांचा वापर २०२४ पासून सुरू झाला असून, अशा सांगडीची गरज समजून घेण्यास तो परिसर उपयुक्त ठरतो. तंत्र सोयीचे असले तरी डेटाबेसमधील व्यवहार पूर्ववत करता येतो आणि बाहेर गेलेली विनंती परत घेता येत नाही, हा भेद त्याच्या मुळाशी आहे. त्याच्या वापराचे बहुतेक नियम या भेदातूनच आले आहेत.

संकल्पना

स्टोअर्ड प्रोसिजर, अर्थात संचयित कार्यपद्धती, म्हणजे डेटाबेसमध्येच नाव देऊन जतन केलेला आज्ञांचा संच होय. वापरकर्ता किंवा दुसरी आज्ञावली केवळ नाव आणि आवश्यक मूल्ये देऊन ती चालवते. एकच नियम अनेक ठिकाणी लिहावा लागत नाही, तक्त्यांना थेट हात न लावता काम होते आणि कोणाला काय करता येईल यावर नियंत्रण राहते, हे तिचे प्रमुख लाभ आहेत.

वेब एपीआय म्हणजे एका संगणक प्रणालीने दुसरीला काही विचारण्याची ठरवून दिलेली रीत होय. विनंती एचटीटीपी या शिष्टाचाराने जाते. तिच्यात पत्ता, क्रियापद, शीर्षके आणि आवश्यकता असल्यास मजकूर असतो. माहिती आणण्यासाठी ‘गेट’ व माहिती पाठवण्यासाठी ‘पोस्ट’ ही क्रियापदे सर्वाधिक वापरात आहेत. उत्तरासोबत तीन अंकी स्थितिक्रमांक येतो आणि मजकूर बहुधा जेसन या स्वरूपात असतो.

नेहमीच्या रचनेत या दोहोंच्या मध्ये एक स्वतंत्र आज्ञावली असते. ती डेटाबेसमधून माहिती घेते, सेवेला विचारते आणि उत्तर परत डेटाबेसमध्ये लिहिते. प्रस्तुत तंत्रात ही मधली आज्ञावली वगळली जाते आणि डेटाबेस स्वतःच बाहेर विचारणा करतो.

इतिहास

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधारित डेटाबेसचे प्रतिमान मांडले. स्टोअर्ड प्रोसिजर व्यावसायिक वापरात आली ती १९८७ मध्ये बाजारात आलेल्या सायबेसच्या एसक्यूएल सर्व्हरमुळे. ओरॅकलच्या सातव्या आवृत्तीत (१९९२) पीएल/एसक्यूएल भाषेतील प्रोसिजर डेटाबेसमध्ये साठवता येऊ लागल्या. १९९६ मध्ये एसक्यूएलच्या मानकात अशा आज्ञावलींसाठी स्वतंत्र भाग समाविष्ट झाला. मायएसक्यूएलमध्ये ही सोय ५.० या आवृत्तीपासून (२००५) मिळाली. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये आधीपासून फंक्शने होती. ‘प्रोसिजर’ हा स्वतंत्र प्रकार मात्र ११व्या आवृत्तीत (२०१८) आला.

दुसऱ्या बाजूस, रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये आपल्या प्रबंधात रेस्ट ही रचनाशैली मांडली आणि पुढील दशकात वेब एपीआयचा प्रसार झाला. सेवांची संख्या वाढताच ‘विचारणारा कोण’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. ऑक्टोबर २०१२ मध्ये ओऑथ २.० हे मानक प्रसिद्ध झाले. मे २०१५ मध्ये जेसन वेब टोकनचे मानक आले.

भारतात क्लाउड सेवांची केंद्रेही याच सुमारास उभी राहिली. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथील केंद्रांतून अझूर सेवा सुरू केली. पुण्याच्या केंद्राला ‘सेंट्रल इंडिया’ असे नाव आहे. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झाले.

विनंतीचा प्रवास

प्रोसिजरमधून होणारी विनंती साधारणपणे पुढील टप्प्यांतून जाते :

१. प्रोसिजर तक्त्यांतून आवश्यक मूल्ये वाचते. उदाहरणार्थ, शेताचा गट क्रमांक, अक्षांश-रेखांश किंवा दिनांक.
२. त्या मूल्यांपासून जेसन स्वरूपातील मजकूर किंवा पत्त्याला जोडायचे घटक तयार केले जातात.
३. ओळखपत्राची माहिती सुरक्षित साठ्यातून घेऊन विनंतीच्या शीर्षकात घातली जाते.
४. डेटाबेस सर्व्हर टीएलएसने सांकेतिक केलेल्या मार्गावरून सेवेशी संपर्क साधतो व समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासतो.
५. उत्तर येईपर्यंत, किंवा ठरवलेली कालमर्यादा संपेपर्यंत, प्रोसिजर थांबून राहते.
६. स्थितिक्रमांक तपासला जातो. २०० ते २९९ या दरम्यानचा क्रमांक यश दर्शवतो.
७. जेसन मजकुराचे ओळी व स्तंभ यांत रूपांतर करून तो तक्त्यात लिहिला जातो.

शेवटच्या टप्प्यासाठी आता बहुतेक प्रणालींत अंगभूत सोय आहे. २०१६ च्या एसक्यूएल मानकात जेसनविषयक कार्ये समाविष्ट झाली. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून ‘ओपनजेसन’, तर ओरॅकल व मायएसक्यूएलमध्ये ‘जेसन टेबल’ हे कार्य मिळते.

ओळखपडताळणीच्या पद्धती

सेवेने विचारणाऱ्याला ओळखणे म्हणजे ओळखपडताळणी आणि ओळख पटल्यावर त्याला काय करता येईल हे ठरवणे म्हणजे अधिकारपडताळणी. पहिली फसली तर सेवा ४०१ हा क्रमांक देते. दुसरी फसली तर ४०३ येतो. दोष शोधताना हा फरक उपयोगी पडतो : ४०१ आला तर किल्ली किंवा टोकन तपासावे, ४०३ आला तर दिलेले अधिकार तपासावेत.

एपीआय की. नोंदणीनंतर सेवा एक लांबलचक अक्षरमाला देते. प्रत्येक विनंतीसोबत ती पाठवावी लागते. भारत सरकारच्या मुक्त माहिती संकेतस्थळावरील बाजारसमित्यांचे दैनंदिन भाव अशाच कीने मिळतात. तेथे की पत्त्यातच जोडली जाते. पत्ते नोंदवह्यांत उमटत असल्याने पत्त्यातील की इतरांच्या दृष्टीस पडण्याचा धोका असतो. म्हणून शक्य तेथे की शीर्षकात पाठवणे श्रेयस्कर मानले जाते.

मूळ ओळखपडताळणी. वापरकर्त्याचे नाव व संकेतशब्द बेस-६४ या स्वरूपात शीर्षकात पाठवले जातात. बेस-६४ ही केवळ लेखनपद्धती आहे. तिच्यामुळे मजकूर गुप्त होत नाही. त्यामुळे टीएलएसविना ही पद्धत वापरणे म्हणजे संकेतशब्द उघड करणेच होय.

ओऑथ २.० मधील क्लायंट क्रेडेन्शियल पद्धत. येथे माणूस हजर नसतो. एक प्रणाली दुसरीला विचारते. प्रोसिजर आधी ओळख देणाऱ्या सर्व्हरला आपला क्रमांक व गुप्त शब्द देते आणि बदल्यात ठरावीक मुदतीचे टोकन घेते. पुढील विनंत्यांत ‘बेअरर’ या शब्दापुढे ते टोकन जोडले जाते. बेअरर म्हणजे धारक. ज्याच्या हाती टोकन, तो अधिकृत, असा त्याचा अर्थ असल्याने टोकन गुप्तच ठेवावे लागते. त्याची मुदत बहुधा तासाभराच्या आसपास असते. प्रत्येक वेळी नवे टोकन मागण्याऐवजी ते मुदतीसह जपून ठेवतात आणि संपण्यापूर्वी काही मिनिटे बदलून घेतात.

स्वाक्षरी. विनंतीचा मजकूर, वेळ व गुप्त किल्ली यांपासून एचमॅक पद्धतीने स्वाक्षरी काढली जाते आणि फक्त स्वाक्षरी पाठवली जाते. किल्ली स्वतः जाळ्यावरून जात नाही. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवा अशीच रीत वापरतात. सर्व्हरचे घड्याळ चुकीचे असल्यास ही स्वाक्षरी नाकारली जाते.

व्यवस्थापित ओळख. डेटाबेस आणि सेवा एकाच क्लाउडवर असतील तर डेटाबेसलाच ओळख दिली जाते. अशा वेळी कोणताही गुप्त शब्द साठवावा लागत नाही आणि तो चोरीला जाण्याचा प्रश्नही उरत नाही.

विविध डेटाबेस प्रणालींतील सोयी

ओरॅकल. यूटीएल_एचटीटीपी हे पॅकेज १९९०च्या दशकापासून उपलब्ध आहे. प्रमाणपत्रे ‘वॉलेट’मध्ये ठेवली जातात. ११जी आवृत्तीपासून कोणत्या वापरकर्त्याने कोणत्या पत्त्याशी बोलावे याची परवानगी-यादी आवश्यक झाली. ओरॅकलच्या क्लाउडवरील स्वयंचलित डेटाबेसमध्ये डीबीएमएस_क्लाउड या पॅकेजमधून ओळखपत्र नावाने साठवता येते व प्रोसिजरमध्ये केवळ ते नाव लिहावे लागते.

मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर. पूर्वी ओएलई ऑटोमेशनच्या प्रोसिजर वापरून विंडोजमधील एचटीटीपी घटक चालवला जाई. सुरक्षेच्या कारणास्तव २००५ च्या आवृत्तीपासून ही सोय मुळात बंद ठेवलेली असते. त्याच आवृत्तीपासून डॉटनेट भाषांतील आज्ञावली डेटाबेसमध्ये घालण्याची सीएलआर ही पद्धत आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अझूर एसक्यूएल डेटाबेससाठी ‘एसपी_इन्व्होक_एक्स्टर्नल_रेस्ट_एंडपॉइंट’ ही अंगभूत प्रोसिजर चाचणीसाठी खुली झाली. एसक्यूएल सर्व्हर २०२५ मध्येही ती समाविष्ट आहे, मात्र तेथे ती प्रशासकाने मुद्दाम सुरू करावी लागते. ती फक्त एचटीटीपीएस स्वीकारते. अझूरमध्ये ती ठरावीक मान्य सेवांशीच बोलते. इतर सेवांसाठी मध्ये एपीआय मॅनेजमेंटसारखा थांबा ठेवावा लागतो. तिची कालमर्यादा एरवी ३० सेकंद असते व ती १ ते २३० सेकंदांच्या दरम्यान ठरवता येते. यश मिळाल्यास ती शून्य परत करते. अन्यथा आलेला स्थितिक्रमांक परत मिळतो.

पोस्टग्रेसक्यूएल. गाभ्यात ही सोय नाही, परंतु ‘एचटीटीपी’ नावाच्या विस्ताराने एसक्यूएलमधून विनंती करता येते. ‘पीजी_नेट’ हा दुसरा विस्तार विनंत्या रांगेत ठेवतो आणि व्यवहार पक्का झाल्यावरच पार्श्वभूमीत पाठवतो.

मायएसक्यूएल. अंगभूत सोय नाही. ॲमेझॉनच्या ऑरोरा या मायएसक्यूएलशी सुसंगत डेटाबेसमध्ये लॅम्डा फंक्शन चालवण्याची सोय आहे. बाहेरची विनंती ते फंक्शन करते.

बारामती व इंदापूर तालुक्यांतील संदर्भ

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील शेजारी तालुके आहेत. नीरा डावा कालवा दोन्ही तालुक्यांतून जातो. इंदापूरला भीमा नदी आणि उजनी जलाशयाचे फुगवट्याचे पाणी यांचाही आधार आहे. कालव्याखालील बागायती पट्टा आणि त्यापलीकडचा जिरायती भाग असे दोन्हींचे स्वरूप असल्याने पाण्याचे नियोजन हा येथील शेतीचा कळीचा प्रश्न राहिला आहे. बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वर, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी शंकरराव पाटील आणि नीरा-भीमा हे सहकारी साखर कारखाने आहेत.

सहकारी कारखान्याकडे सभासद, गट क्रमांक, लागणीची तारीख, उसाची जात, तोडणीचा क्रम, वजन आणि देयके अशा स्वरूपाची माहिती असते. ही माहिती संबंधाधारित डेटाबेसमध्ये सहज बसणारी आहे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांचे वेळापत्रक वेगवेगळे असल्याने एकाच शेतकऱ्याच्या दोन शेतांचे नियोजनही सारखे नसते.

ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही बारामतीची संस्था १९७१ मध्ये स्थापन झाली असून तिच्यामार्फत कृषी विज्ञान केंद्र चालवले जाते. या संस्थेने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहभागाने ऊस शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यात २०२४ मध्ये प्रत्यक्ष लागणी झाल्या आणि पहिल्या टप्प्यासाठी सुमारे १,००० शेतकऱ्यांची निवड करण्यात आली. उपग्रहचित्रे, हवामान केंद्रे आणि जमिनीतील संवेदक यांची माहिती एकत्र करून पाणी, खते व कीडनियंत्रण यांविषयीचा सल्ला शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर मराठीतही दिला जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी समाजमाध्यमावरून या प्रकल्पाची माहिती दिल्यानंतर त्याची देशभर चर्चा झाली. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२०२९’ मंजूर केले.

प्रकल्पाचा पाया असलेली अझूर डेटा मॅनेजर फॉर ॲग्रिकल्चर ही सेवा मार्च २०२३ मध्ये जाहीर झाली. तिच्यामागे मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील फार्मबीट्स हा प्रकल्प होता. ही सेवा रेस्ट एपीआयच्या रूपात आहे. शेतकरी, शेत, शेताची सीमा, हंगाम व पीक अशा घटकांच्या नोंदी करून त्यांच्याशी उपग्रह, हवामान व संवेदक यांची माहिती जोडता येते. तिला विचारण्यापूर्वी मायक्रोसॉफ्टच्या ओळखसेवेकडून ओऑथ टोकन घ्यावे लागते.

शेताच्या सीमेच्या नोंदी क्लाउडवर आणि त्याच शेताचा गट क्रमांक, सभासद क्रमांक व मागील हंगामाचे उत्पन्न संस्थेच्या डेटाबेसमध्ये, अशी विभागणी झाली की दोन्ही बाजूंना जोडणारा दुवा आवश्यक होतो. सल्ला योग्य शेतकऱ्याला जाण्यासाठी हा दुवा अचूक असावा लागतो. गट क्रमांकाची चुकीची जोडणी झाल्यास एका शेताच्या ओलाव्यावरून दुसऱ्या शेताला पाणी दिले जाईल. स्टोअर्ड प्रोसिजर हा अशा दुव्याचा एक प्रकार आहे. जोडणीचे नियम, म्हणजे कोणता सभासद कोणत्या गटाचा आणि कोणता हंगाम चालू, हे आधीच डेटाबेसमध्ये असल्याने ते दुसरीकडे पुन्हा लिहावे लागत नाहीत.

व्यवहार आणि विनंती यांतील विसंगती

डेटाबेसमधील व्यवहार ‘सर्व किंवा काहीच नाही’ या तत्त्वावर चालतो. मध्येच दोष आढळल्यास सर्व बदल पूर्ववत होतात. बाहेर गेलेल्या विनंतीला हे तत्त्व लागू होत नाही. ती एकदा गेली की परत बोलावता येत नाही.

समजुतीसाठी साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे एक कल्पित उदाहरण घेता येईल. गाडीचे भरलेले व रिकामे वजन झाल्यावर एक प्रोसिजर निव्वळ वजनाची नोंद करते, त्याच व्यवहारात संदेशसेवेच्या एपीआयला विनंती पाठवते आणि शेतकऱ्याला टनांचा आकडा कळतो. आता संदेश गेल्यानंतर, परंतु व्यवहार पक्का होण्यापूर्वी, दोष निर्माण झाला तर डेटाबेसमधील नोंद पुसली जाते. शेतकऱ्याच्या हाती मात्र संदेश राहतो. दुसऱ्यांदा वजन होऊन दुसरा संदेश गेला आणि दोन आकड्यांत थोडाही फरक पडला तर शेतकऱ्याला काट्याविषयी शंका येणे स्वाभाविक आहे. वजनावर त्याचे वर्षाचे उत्पन्न ठरते. त्यामुळे तंत्रातील ही त्रुटी शेवटी विश्वासाचा प्रश्न होते.

दुसरी अडचण प्रतीक्षेची आहे. उत्तराची वाट पाहत असताना व्यवहाराने घेतलेली कुलुपे सुटत नाहीत. संदेशसेवा बंद पडली आणि प्रत्येक विनंतीला ३० सेकंद वाट पाहावी लागली, तर ओळीने येणाऱ्या १०० गाड्यांमागे केवळ प्रतीक्षेचीच ५० मिनिटे होतात. गाळप हंगामात काट्यावर रांग लागलेली असते. तोडलेल्या उसाचे वजन व साखर उतारा वेळ जाईल तसे घटत जातात. म्हणजे वजन करण्यास मुळीच आवश्यक नसलेल्या सेवेमुळे वजनाचे काम अडते.

या दोन्ही अडचणींवरील रूढ उपाय म्हणजे पाठवणीचा तक्ता, ज्यास ‘आउटबॉक्स’ म्हणतात. त्याची रीत अशी :

१. वजनाची नोंद आणि ‘हा संदेश पाठवायचा आहे’ ही नोंद एकाच व्यवहारात दोन तक्त्यांत केली जाते. दोन्ही टिकतात किंवा दोन्ही पुसल्या जातात.
२. ठरावीक अंतराने चालणारी दुसरी प्रोसिजर पाठवणीच्या तक्त्यातील प्रलंबित नोंदी उचलते व एपीआयला विनंती करते.
३. यश मिळाल्यावर त्या नोंदीपुढे वेळ व सेवेने दिलेला पोचक्रमांक लिहिला जातो.
४. अपयश आल्यास प्रयत्नांची संख्या वाढवून नोंद पुढच्या फेरीसाठी ठेवली जाते.

या रीतीत संदेश थोडा उशिरा जातो, पण चुकीचा जात नाही आणि काटा थांबत नाही. विनंती पोहोचली परंतु उत्तर हरवले, असे झाल्यास तीच विनंती पुन्हा जाण्याची शक्यता मात्र उरते. त्यासाठी प्रत्येक विनंतीसोबत वजनपावतीच्या क्रमांकासारखा एकमेव क्रमांक पाठवतात. समोरच्या सेवेत तशी सोय असल्यास तोच क्रमांक पुन्हा आल्यावर ती दुसऱ्यांदा काम करत नाही.

दोष व पुनर्प्रयत्न

सर्वच दोषांवर पुन्हा प्रयत्न करणे योग्य नसते. ४०० हा क्रमांक विनंतीचा मजकूर चुकल्याचे सांगतो. तीच विनंती कितीही वेळा पाठवली तरी उत्तर तेच येते. ४०१ आल्यास नवे टोकन घेऊन एकदाच प्रयत्न करावा. ४२९ म्हणजे ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक विनंत्या झाल्या. किती वेळ थांबावे हे अनेकदा उत्तराच्या शीर्षकातच दिलेले असते. ५०० व ५०३ हे समोरच्या सर्व्हरचे दोष असून त्यांवर पुनर्प्रयत्न उपयोगी ठरतो. प्रत्येक प्रयत्नागणिक प्रतीक्षा दुप्पट करीत जाणे ही रूढ पद्धत आहे. बंद पडलेली सेवा पुन्हा उभी राहत असताना तिच्यावर विनंत्यांचा भडिमार होऊ नये, हा तिचा हेतू होय.

२०० हा क्रमांक आला म्हणजे काम झाले, असेही नेहमी नसते. काही सेवा दोषाची माहिती यशस्वी उत्तराच्या मजकुरातच देतात. हवामानाच्या उत्तरात पावसाचा आकडा रिकामा असणे आणि शून्य असणे यांत मोठा फरक आहे. रिकाम्या जागी शून्य लिहिले गेले तर पाऊस झालाच नाही, असे समजून सिंचनाचा सल्ला जाईल.

सुरक्षितता

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे किल्ली किंवा गुप्त शब्द प्रोसिजरच्या मजकुरातच लिहिणे. प्रोसिजरचा मजकूर पाहण्याचा अधिकार असणाऱ्या प्रत्येकास तो दिसतो. डेटाबेसची प्रत दुरुस्तीसाठी बाहेरच्या आज्ञावलीकाराकडे दिली की किल्लीही त्याच्यासोबत जाते. म्हणून ओळखपत्र डेटाबेसच्या स्वतंत्र सुरक्षित साठ्यात किंवा क्लाउडवरील किल्लीकोशात ठेवून प्रोसिजरमध्ये केवळ त्याचे नाव लिहावे, असा नियम आहे. किल्ली ठरावीक काळाने बदलावी आणि एखादी व्यक्ती काम सोडून गेल्यास तत्काळ बदलावी.

दुसरा धोका पत्त्याचा आहे. विनंतीचा पत्ता वापरकर्त्याने दिलेल्या मूल्यातून तयार होत असेल, तर कोणीही डेटाबेस सर्व्हरकडून संस्थेच्या आतील जाळ्यातील पत्त्यांवर विनंती करवून घेऊ शकतो. ओवास्प या संस्थेने २०२१ च्या आपल्या प्रमुख दहा धोक्यांच्या यादीत या प्रकाराला स्वतंत्र स्थान दिले. पत्ते ठरावीक यादीतूनच निवडणे, बाहेर जाणाऱ्या मार्गावर भिंत ठेवणे आणि विनंती करण्याचा अधिकार मोजक्या वापरकर्त्यांनाच देणे हे त्यावरील उपाय होत.

तिसरा मुद्दा माहितीच्या मालकीचा आहे. शेतकऱ्याचे नाव, भ्रमणध्वनी क्रमांक, गट क्रमांक व देयके ही व्यक्तिगत माहिती असून तिला डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ लागू होतो. हवामानाचा अंदाज मागण्यासाठी अक्षांश-रेखांश पुरेसे असतात. सभासदाचे नाव पाठवण्याचे प्रयोजन नसते. संदेशसेवांच्या बाबतीत भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पाठवणाऱ्याचे नाव व संदेशाचा साचा आधी नोंदवावा लागतो. नोंदलेल्या साच्यापेक्षा वेगळा मजकूर प्रोसिजरने तयार केल्यास तो पोहोचत नाही.

पर्याय

मधली आज्ञावली. पायथॉन, जावा किंवा अन्य भाषेतील स्वतंत्र आज्ञावली पाठवणीचा तक्ता वाचते व विनंत्या करते. चाचणी, नोंदवही व पुनर्प्रयत्न यांची साधने तेथे अधिक समृद्ध आहेत. मोठ्या प्रणालींत सामान्यतः हाच मार्ग निवडला जातो.

संदेशरांग. डेटाबेसमधील बदल रांगेत टाकले जातात आणि अनेक प्रणाली आपापल्या गतीने ते उचलतात.

क्लाउड फंक्शन. डेटाबेसमधील बदलामुळे क्लाउडवरील छोटी आज्ञावली जागी होते व विनंती करते.

उलट दिशा. काही सेवा वेबहूकच्या साहाय्याने स्वतःच माहिती पाठवतात. तेव्हा विचारणा करण्याची गरजच राहत नाही, मात्र ती स्वीकारण्यासाठी उघडा पत्ता ठेवावा लागतो.

उपयुक्ततेच्या मर्यादा

विनंत्यांची संख्या थोडी असेल, त्या दिवसातून ठरावीक वेळीच होत असतील आणि संस्थेकडे डेटाबेस सांभाळणारी एखादीच व्यक्ती असेल, तर हे तंत्र सोपे व स्वस्त पडते. पहाटे एकदा बाजारभाव किंवा हवामानाचा अंदाज आणून तक्त्यात भरणे हा त्याचा आदर्श उपयोग होय. त्यात कोणाचा व्यवहार अडत नाही आणि एखादी फेरी चुकली तर पुढच्या फेरीत भरून निघते.

याउलट वापरकर्ता समोर वाट पाहत असताना, पैशांच्या व्यवहाराच्या मध्यात किंवा ट्रिगरमधून अशी विनंती करणे टाळले जाते. ट्रिगर प्रत्येक बदलासोबत आपोआप चालतो. एका आज्ञेने हजार ओळी बदलल्या तर नकळत हजार विनंत्या जाऊ शकतात. डेटाबेसच्या परवान्याचा खर्च त्याच्या संगणनक्षमतेवर ठरत असल्यास केवळ वाट पाहण्यात ती क्षमता गुंतवणे महागही पडते.

हेही पहा

स्टोअर्ड प्रोसिजर
एसक्यूएल
वेब एपीआय
ओऑथ
क्लाउड संगणन
अचूक शेती
बारामती तालुका
इंदापूर तालुका